लावणी बाईची, प्रात्यक्षिक बाप्याचं

कोकणातल्या आणि मावळातल्या भातशेतकऱ्यांना चारसूत्री पद्धत नवी नाही. डॉ. एन. के. सावंत यांनी ती आखली आणि कृषी खात्याने वर्षानुवर्षं तिचा प्रसार केला. पहिलं सूत्र असं की भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत घालायची आणि पेंढा शेतात परत द्यायचा. दुसरं, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी मिसळायचा. तिसरं, रोपं अंदाजाने न लावता दोरीवर, ठरलेल्या अंतराने लावायची. चौथं, युरिया-डीएपीच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, चिखलात खोल खोचायच्या. खर्च बेताचा, मोठं यंत्र नको, खताची बचत होते आणि उत्पन्नही वाढतं. तरीही लावणीच्या दिवसांत एखाद्या खाचरात दोरी ताणलेली दिसते आणि शेजारच्या खाचरांत रोपं जुन्या पद्धतीने, हाताला येतील तशी लागत असतात. या सगळ्या खाचरांचे मालक एकाच प्रशिक्षणाला बसलेले असू शकतात.

मग पद्धत अडते कुठे?

उत्तरासाठी बांधावरून उतरून चिखलात यावं लागतं. चारांपैकी शेवटची दोन सूत्रं लावणीच्या दिवशीच पाळायची असतात. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून खुणा असतात. दोघी दोरीची टोकं धरतात, बाकीच्या रांगेने वाकून प्रत्येक खुणेपाशी दोन-तीन रोपांचा एक चूड लावतात. ओळ झाली की दोरी मागे सरकते. मग पंधरा-पंधराच्या चौकोनातल्या चार चुडांच्या मधोमध एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची. वरच्यावर टाकली तर खत पाण्याबरोबर जातं आणि सगळा फायदा बुडतो. पिढ्यान्‌पिढ्या न बघता भराभर चालणाऱ्या हाताला इथे प्रत्येक चुडाला थांबावं लागतं. लावणी उक्ती घेतली असेल, म्हणजे मजुरी क्षेत्रावर ठरली असेल, तर सुरुवातीला दिवसाची कमाईच घटते. वाकून राहण्याचा वेळ वाढतो तो वेगळाच.

हे हात बहुतेक ठिकाणी बायकांचे असतात. प्रशिक्षणाचा निरोप मात्र जातो खातेदाराला, आणि तो बहुतेक वेळा पुरुष असतो. पद्धत ज्याने शिकली तो ती करत नाही आणि जी करते तिला ती कुणी शिकवलेली नसते. गोळी इतकी खोल का खोचायची, याचं कारण तिला सांगितलेलं नसतं. दोरी संथ चालली तर मजुरीचं काय, हे तिच्याशी कुणी बोललेलं नसतं. अशा वेळी ती जुन्या पद्धतीने लावते, यात अडाणीपणा कुठे आहे? तिच्या जागी कुणीही तेच करेल.

भातापुरती ही गोष्ट नाही. शेतीत नवं काय येईल, ते कुणाच्या हाती पडेल, कुणाचे कष्ट वाचतील आणि कुणाची मजुरी जाईल, हे बियाण्याच्या किंवा यंत्राच्या गुणांवर जितकं ठरतं तितकंच बाईने काय करावं आणि पुरुषाने काय करावं या समजुतींवर ठरतं. ज्यांच्याकडे दोन-तीन एकरच आहेत त्यांना याची झळ जास्त बसते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका शेतकऱ्याच्या वहिवाटीचं सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्याशा शेतात घरचे सगळे राबतात आणि चुकीला जागा नसते.

रूढी चालते कशी

कायदा मोडला तर दंड होतो. रूढी मोडली तर लोक बोलतात, आणि गावात राहणाऱ्याला हे बोलणं दंडापेक्षा महाग पडतं. रूढी दोन गोष्टींवर टिकते. आपल्यासारखे इतर लोक काय करतात याचा आपला अंदाज ही एक. आपण तसं केलं नाही तर ते काय म्हणतील याची धास्ती ही दुसरी. प्रत्येकाला मनातून ती नकोशी असली तरी चालते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत असतो.

बाईने नांगर धरू नये, ही अशीच एक रूढी. विदर्भ-मराठवाड्यात तिफणीने पेरणी होत असे तेव्हा मागे बांधलेल्या सरत्याच्या नळीतून तुरीसारख्या आंतरपिकाचं बी सोडत बाई दिवसभर चालायची. बैलांमागे चालण्याचे कष्ट तिला वर्ज्य नव्हते, वर्ज्य होता तो नांगर. ट्रॅक्टरवरचं पेरणीयंत्र आलं, तिफण गेली, सरतंही गेलं. सरत्यावरच्या बाईचं काम यंत्राच्या पेटीने घेतलं, पण ट्रॅक्टर चालवणाऱ्याची जागा तिला क्वचितच मिळाली. नांगराभोवतीचं कुंपण ट्रॅक्टरभोवती तसंच उभं राहिलं.

डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसेरूप यांनी १९७० साली हा धागा जगभर जोडून दाखवला. कुदळीवर चालणाऱ्या शेतीत बायकांचा वाटा मोठा असतो. नांगर आला की अंगाच्या जोराला महत्त्व येतं, शेत पुरुषाचं आणि घर बाईचं अशी वाटणी घट्ट होते. २०१३ साली अलेसिना, जुलियानो आणि नन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी जगभरातली आकडेवारी तपासली. ज्यांच्या पूर्वजांनी नांगरावर शेती केली, त्या समाजांत आजही बायकांचा घराबाहेरच्या कामातला वाटा कमी आढळतो. दुसऱ्या देशांत जाऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांतही हा फरक उरतो. अवजार मोडीत निघालं तरी त्याने घातलेली वहिवाट इतकी टिकते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. सगळ्या बायकांसाठी रूढी एकसारखी नसते. दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणं काही घरांत कमीपणाचं मानलं जातं. दलित आणि आदिवासी घरांतल्या बायकांपुढे तो प्रश्न कधी आलाच नाही, कारण मजुरीवाचून चूल पेटत नव्हती. त्यामुळे 'शेतकरी महिला' असं एकच नाव देऊन आखलेली योजना अनेक बायकांना लागूच पडत नाही.

सातबारा कुणाच्या नावावर

देशातल्या एकूण वहिवाटदारांत बायकांचं प्रमाण २०१५-१६ च्या कृषी गणनेत १३.८७ टक्के होतं. दुसरीकडे २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी ७६.९ टक्के शेतीत होत्या, पुरुषांपैकी ४९.४ टक्के. गावातली कामकरी बाई प्रामुख्याने शेतीतच आहे, आणि कागदावर ती शेतकरी नाही.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, देशाने २००५ साली. तरी वारसनोंद झाल्यावर बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. तिला कुणी धमकावलेलं असतंच असं नाही. सही केली नाही तर भावाशी बोलणं तुटेल, माहेरचा दरवाजा बंद होईल, दिवाळीला-भाऊबीजेला जायचं कुठे, हा हिशेब तिच्या मनात पक्का असतो. कायद्याने दिलेली जमीन रूढी एका सहीत परत घेते.

शेतकरी संघटनेला हे फार आधी उमगलं होतं. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : घरधन्याने स्वतःहून जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करायचा. हजारो शेतकऱ्यांनी तो केला. पतीच्या हयातीत पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट सरकारनेही मोकळी केली. रूढीला वळण लावायला इथे कायद्याचा बडगा वापरला नव्हता. गावोगाव पुरुषांनी सगळ्यांसमोर हे केलं, त्यामुळे 'लोक काय म्हणतील' हा प्रश्नच उलटा फिरला. माझ्या मते या मोहिमेचं खरं सामर्थ्य यात होतं, आणि आजच्या योजना तयार करणाऱ्यांनी तिचा अभ्यास करायला हवा.

नाव नसल्याचा परिणाम नव्या तंत्रापर्यंत कसा पोचतो, ते खालच्या चौकटीत पायरीपायरीने दिलं आहे.

*चौकट : नाव नसेल तर पुढे काय होतं*

*१. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून बँकेचं किंवा सोसायटीचं पीककर्ज तिच्या नावे निघत नाही.*
*२. ठिबक, अवजारं, शेततळं यांच्या अनुदानाचा अर्ज खातेदारच करतो. अनुदान त्याच्या खात्यात येतं, वस्तू त्याच्या पसंतीची येते.*
*३. तिच्यासाठी उरतो बचत गट. गटाचं कर्ज लहान असतं आणि हप्ता लगेच सुरू होतो. चार-पाच महिन्यांनी पैसे देणाऱ्या पिकाला हे जुळत नाही. शेळी, कोंबडी, पालेभाजी, पापड-मसाला यांना जुळतं.*
*४. म्हणून ती नवं काही करते ते शेळी-कोंबडीत करते, आणि मग 'बायकांना जोडधंद्यातच रस असतो' असा निष्कर्ष निघतो. कर्जाच्या मापाने तिची आवड ठरवली जाते.*
*५. जमीन उद्या हातात राहील की नाही याची खात्री नसेल तर बांधावर झाड लावणं, सेंद्रिय खत देऊन मातीचा कस वाढवणं, अशी फळ उशिरा देणारी कामं कुणीही टाळतं.*

पाचव्या मुद्द्याला भक्कम आधार आहे. मार्कस गोल्डस्टीन आणि क्रिस्टोफर उड्री यांनी घानामधल्या शेतांचा अभ्यास केला. तिथे कस परत यावा म्हणून जमीन काही वर्षं पडीक ठेवतात. गावात वजन असलेली माणसं निर्धास्तपणे पडीक ठेवत होती. बायका मात्र ठेवत नव्हत्या, कारण रिकामी दिसलेली जमीन दुसऱ्याला दिली जाण्याची भीती होती. पडीक न ठेवलेल्या जमिनीचा कस गेला, उत्पन्न घटलं. पुढे कुणी म्हणेल, बायकांना शेती जमत नाही.

पाणी टेलपर्यंत पोचतं का

कालव्याच्या टेलचा शेतकरी काय भोगतो, हे महाराष्ट्रात सांगायला नको. वरच्या अंगाला पाणी सोडल्याची नोंद होते, मधले आपापली दारं धरतात, आणि शेवटच्या शेतापर्यंत ओल तेवढी येते. शेतीविषयक माहितीही बहुतेक वेळा अशीच सोडली जाते. नवऱ्याला सांगितलं की ते बायकोपर्यंत आपोआप उतरेल, असं गृहीत धरलेलं असतं. नोंदवहीत 'कुटुंबाला प्रशिक्षण दिलं' अशी नोंद होते.

ही माहिती बायकोपर्यंत का उतरत नाही? सभा चावडीत किंवा देवळाच्या सभामंडपात सकाळी अकराला असते. त्या वेळी बाई खुरपणीवर असते किंवा धुण्यावर. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकामात भाग घेणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात, पुरुष ८८ मिनिटं. सभेला जायचं तर ही मिनिटं कुठून तरी काढावी लागतात. सभेत गेलीच तर थोरल्या दिरासमोर, सासऱ्यासमोर प्रश्न विचारणं अनेक घरांत अजून अवघड आहे. कृषी सहायक दारात आला आणि मालक शेतावर असले तर दारातली बाई सांगते, "घरी कोणी नाही." तो बांधावर मालकांना गाठायला जातो. बियाणं कणगीत कसं ठेवलं आहे आणि पेरणीआधी बीजप्रक्रिया कोण करणार आहे, हे जिला माहीत असतं ती दारातच राहते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. बाईला माहिती असली तरी लोक तिचं ऐकतात का? मलावी देशात संशोधकांनी हे थेट तपासलं. गावकऱ्यांपैकीच काहींना खड्डा पद्धतीची लागवड आणि कंपोस्ट शिकवून इतरांना शिकवायला सांगितलं. काही गावांत हे काम बायकांकडे होतं. बायकांनी तंत्र नीट आत्मसात केलं आणि त्यांच्याकडून शिकलेल्यांना पीकही चांगलं आलं. तरी गावकऱ्यांच्या मते त्या कमी जाणकार होत्या, आणि लोकांनी त्यांच्याकडे लक्षही कमी दिलं. इथे ज्ञान होतं, शिकवणं होतं, परिणामही होता. कमी पडला तो विश्वास, आणि तो पिकाकडे बघून ठरत नव्हता.

म्हणून 'बायका नवं तंत्र स्वीकारायला मागे असतात' हे वाक्य जपून वापरावं. चेरिल डॉस आणि मायकेल मॉरिस यांनी घानातल्या मका उत्पादकांची पाहणी केली तेव्हा सुधारित वाण आणि रासायनिक खत वापरण्यात बायका मागे दिसल्या. मग त्यांनी जमीन, मजूर आणि सल्ला ज्यांना सारखा मिळतो अशांची तुलना केली, आणि स्त्री-पुरुष फरक जवळपास नाहीसा झाला. फरक स्वभावातला नव्हता, काय मिळतं आणि काय नाही यातला होता.

एकाच घरातली दोन शेतं

या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातला आहे. तो गोळा झाला इक्रिसॅटच्या पाहणीतून. हीच हैदराबादजवळ पटानचेरूला असलेली पीक-संशोधन संस्था, जिने १९७५ पासून आपल्या अकोल्यातली कान्झरा-किनखेड आणि सोलापुरातली शिरापूर-कळमण ही गावं अभ्यासली.

बुर्किना फासोत नवरा आणि बायको वेगवेगळी शेतं कसतात. घर एक, स्वयंपाक एक, शेतं दोन. उड्री यांनी १९९६ साली एकाच घरातल्या, एकाच वर्षी, एकच पीक घेतलेल्या शेतांची तुलना केली. बायकांच्या शेतातलं उत्पन्न जवळपास ३० टक्क्यांनी कमी भरलं. पाऊस तोच, बाजार तोच, घरातलं ज्ञानही तेच. मग तफावत कशाची? घरातलं जवळजवळ सगळं शेणखत नवऱ्याच्या शेतात जात होतं. पुरुषांचे आणि घराबाहेरून मदतीला येणाऱ्यांचे श्रमही तिकडेच.

आता गणित बघा. शेतात पडलेल्या पहिल्या गाडीभर खताने जितकं पीक वाढतं तितकं दहाव्या गाडीने वाढत नाही. म्हणजे नवऱ्याच्या शेतातलं शेवटचं खत उचलून बायकोच्या खत न मिळालेल्या शेतात टाकलं असतं तर घराचं एकूण उत्पन्न वाढलं असतं. नवीन बियाणं नको, पंप नको, कर्ज नको, आहे तेच नीट वाटून घराला सहा टक्क्यांच्या आसपास जास्त मिळालं असतं, असा उड्री यांचा हिशेब आहे. घरातले लोक वेडे नव्हते. खत कुणाच्या शेतात जायचं हे रूढीने ठरलेलं होतं आणि त्याची फेरवाटणी करण्याची रीत नव्हती.

'आमच्यात नवरा-बायकोचं शेत एकच असतं' असं आपण म्हणू. शेत एक असतं, पण त्यातले निर्णय एक नसतात. कापसाचे पैसे कुणाच्या खात्यात येतात, परसातल्या वांग्यांना पाणी द्यायचं की उसाला, पहिला पॉवर वीडर घ्यायचा की मोटरसायकल, या वाटण्या आपल्याकडेही रूढीनेच होतात. अन्न व कृषी संघटनेने २०११ च्या अहवालात अंदाज मांडला होता की बायकांना पुरुषांइतकीच साधनं मिळाली तर त्यांच्या शेतातलं उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढेल आणि विकसनशील देशांचं एकूण शेती उत्पादन अडीच ते चार टक्क्यांनी.

यंत्र आलं, काम कुणाकडे गेलं

खुरपं बाईचं, फवारणीचा पंप पुरुषाचा. तणनाशक आलं की खुरपणी पंपाकडे जाते, म्हणजे एका दमात बाईकडून पुरुषाकडे. हे चांगलं झालं की वाईट? दोन बायकांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतील. स्वतःच्या दोन एकरांत वाकून कंबर गेलेली शेतकरीण म्हणेल, सुटले. शेजारच्या वस्तीवरची भूमिहीन मजूर म्हणेल, आषाढ-श्रावणात हातात येणारी मजुरी गेली. दोघी खरं बोलतात. नव्या तंत्राने 'महिलांचा' फायदा झाला की तोटा, असा सरसकट प्रश्न म्हणूनच फसवा आहे.

कधी उलटंही घडतं. बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली. कान्झऱ्याची माहिती वापरून अर्जुनन सुब्रमणियन आणि माटिन काइम यांनी दाखवलं की बोंडं जास्त धरली, वेचणी वाढली, आणि वेचणी बायकांची असल्यामुळे त्यांना मजुरीचे जादा दिवस मिळाले. बियाणं तयार करणाऱ्यांच्या डोक्यात हा विचार आला असेल असं वाटत नाही. कुठलं काम कुणाचं ही गावातली वाटणी तिथे आधीपासून होती, फायदा त्या वाटेने वाहिला. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या कापसाचं काय केलं, तो वेगळा विषय.

गांबियातला अनुभव मात्र कडवट आहे. तिथे भात हे परंपरेने बायकांचं पीक. १९८४ च्या सुमारास जहाली-पचार भागात सिंचनाचा मोठा प्रकल्प झाला, वर्षाला दोन पिकं निघू लागली. बायकांच्या नावावर खाचरं लागावीत, असा प्रकल्पाचा हेतूही होता. पण भातात पैसा दिसू लागताच कुटुंबप्रमुखांनी ती 'घराची' शेतं ठरवली. बाईच्या स्वतःच्या शेतातलं पीक तिचं असे, घराच्या शेतात तिने राबायचं आणि पीक कुटुंबप्रमुखाच्या हाती जायचं, ही तिथली रीत. भूगोल-अभ्यासक जुडिथ कार्नी यांनी यातून उभी राहिलेली घराघरांतली भांडणं टिपून ठेवली आहेत : कुणी कामाला जायचं बंद केलं, कुणी नवऱ्याकडे मजुरी मागितली. सिंचन तांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही राबायला हात कमी पडू लागले.

अवजारांच्या मापाचंही तसंच. मूठ किती जाड, दांडा किती लांब, वजन किती, हे पुरुषाच्या शरीरावरून ठरलं की अवजार बाईच्या हातात नीट बसत नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतकरी बायकांच्या शरीराची मापं घेऊन त्यांना पेलतील अशी अवजारं तयार केली. परभणीच्या कृषी विद्यापीठातही सुधारित खुरपी, भेंडी तोडायची कातर अशा साध्या पण बोटं वाचवणाऱ्या वस्तू झाल्या. वस्तू तयार आहेत. त्या विकत घ्यायचा निर्णय जो घेतो त्याची बोटं भेंडीच्या लवीने खाजत नाहीत, ही अडचण आहे.

निकाल लागतो चुलीपाशी

आपण नवकल्पना म्हणतो ती बहुतेक बाहेरून आलेली असते : पाकिटातलं बियाणं, यंत्र, ॲप. घरात होणाऱ्या निवडीला ते नाव मिळत नाही. म्हणून ज्वारीची गोष्ट सांगायला हवी.

सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण १९६४ साली आलं. उत्पन्न भरघोस होतं आणि खरिपात ते पसरलं. पण कणसं भरताना पाऊस लागला तर दाणा काळा पडायचा, आणि भाकरीची तक्रार घरोघर होती. चांगल्या पिठाला विरी असते. थापताना भाकरी कडेला चिरत नाही, तव्यावर फुगते, संध्याकाळपर्यंत मऊ राहते. ही परीक्षा फक्त थापणाऱ्या हाताला कळते. रब्बीत सोलापूर-मंगळवेढ्याकडे मालदांडीने आजही जागा सोडलेली नाही, याचं एक कारण भाकरी आणि दुसरं कडबा. उत्पादनाच्या तक्त्यात विरीचा रकाना नव्हता. तो भरणारी माणसं वाण निवडताना बोलावली गेली असती तर बरीच वर्षं वाचली असती.

रुवांडात तशी माणसं बोलावली गेली. लुईझ स्पर्लिंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या घेवडा पिकवणाऱ्या जाणत्या बायकांना संशोधन केंद्रावर आणलं आणि प्रयोगातल्या वाणांमधून निवड करायला सांगितली. बायकांनी निवडलेले वाण शेतात लावल्यावर शास्त्रज्ञांच्या निवडीपेक्षा सरस ठरले. केळीखाली, सावलीत, कसदार आणि नापीक मातीत काय तग धरेल हे त्यांना ठाऊक होतं, कारण पेरायच्या त्याच.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे हे आपल्या घरचं उदाहरण. वाल, घेवडा, भाज्या, भात यांची गावरान वाणं त्यांनी जमवली, जपली, वाटली. बायफ संस्थेची साथ मिळाली, बियाण्यांची बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणं मडक्यात राखेत घालून ठेवणं, कुठल्या वेलाची शेंग बियाण्यासाठी राखायची हे ठरवणं, लेकीला सासरी जाताना पुडी बांधून देणं, हे त्या डोंगरातल्या कितीतरी बायका करत आल्या. ते जोवर घरकामात मोजलं जात होतं तोवर त्याला कुणी संशोधन म्हटलं नाही.

एक एकर

रूढी हलते का? हलते, आणि बहुधा ती उघड मोडण्यापेक्षा वाकवली जाते. जेननोव्हेट नावाच्या अभ्यासात २६ देशांतल्या १३७ गावांमधल्या सुमारे साडेसात हजार स्त्री-पुरुषांशी बोलणं झालं. नवं काही करून दाखवणाऱ्या बायका अनेकदा रूढीशी सामना टाळून वाटाघाट करताना दिसल्या. घरातल्यांना बरोबर घ्यायचं, चांगली सून म्हणून नाव राखायचं आणि तेवढ्यात स्वतःची जागा करायची.

मराठवाड्यात या वाटाघाटीला एक आकार मिळाला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेचं काम वाढलं. प्रेमा गोपालन यांनी तिची उभारणी केली. दुष्काळाच्या वर्षांत संस्थेशी जोडलेल्या बायकांनी घरात एक मागणी ठेवली : सगळ्या शेतावर सोयाबीन, ऊस, कापूस घ्या, पण अर्धा-एक एकर मला द्या. मालकी नको, कसण्याचा निर्णय माझा. त्या तुकड्यात त्यांनी ज्वारी-बाजरी, डाळी, भाज्या अशी मिश्र पिकं घेतली, गांडूळखत केलं, बी घरचं ठेवलं, पाणी कमी वापरलं. संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

हे चाललं, त्याचं कारण मागणीच्या मापात आहे. पाच एकरांतला एक एकर दिला तर नगदी पीक बुडत नाही. घरात खायला पिकवणं हे तर बाईचंच काम मानलेलं, त्यामुळे गावालाही बोट दाखवता येत नाही. रूढीनेच दिलेल्या जागेतून बाई शेताच्या निर्णयापर्यंत पोचते. दुष्काळात सोयाबीन गेलं आणि बाईच्या एकरातलं धान्य घरात आलं की पुढच्या वर्षीच्या बोलण्याचा सूर बदलतो. मर्यादाही तिथेच आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेला हा एकर शब्दावर मिळालेला असतो आणि शब्दावर परत जाऊ शकतो. गांबियाची खाचरं गेली ती भाताला भाव आल्यावर. भूमिहीन बाईला तर मागायला घरात एकरच नसतो. तिच्यासाठी गटाने खंडाने जमीन घेणं हा मार्ग आहे, पण खंडकऱ्याच्या नावे कागद करून द्यायला मालक सहसा तयार नसतात.

२००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकऱ्याची व्याख्या जमीनमालकीच्या पलीकडे नेली होती. खंडकरी, शेतमजूर, पशुपालक, बायका सगळे त्यात आले. एम. एस. स्वामीनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक २०१२ साली मांडलं. ते पारित न होता बारगळलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे. महाराष्ट्रात २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो जोडला जातो सातबाऱ्याशी. हवामानाचा संदेश, विम्याची भरपाई, अनुदान, प्रशिक्षणाचा निरोप यांची वाट हळूहळू त्या क्रमांकावरून जाणार आहे. कसणारी व्यक्ती म्हणून बाईचं नाव त्याच नोंदीत लावण्याचा रकाना करायचा असेल तर यादी तयार होत असतानाच तो करणं सोपं आहे. तोवर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याच्या हातात एक गोष्ट आजही आहे : लावणीचं प्रात्यक्षिक लावणाऱ्यांना द्यायचं, त्यांच्या खाचरात, त्यांच्या सोयीच्या वेळी, आणि त्या दिवसाची मजुरी धरून.